टीमचं अंतर्गत डॉक्युमेंटेशन: ठेवायचं कुठे, सांभाळायचं कोणी, शिळं होऊ नये म्हणून काय करायचं?

बॅकएंड_पुणे

नमस्कार मंडळी,

आमची १२ जणांची टीम आहे. ६ डेव्हलपर, २ टेस्टर, ३ सपोर्टचे लोक आणि सर्व्हर बघणारा एक. प्रॉडक्ट पतसंस्थांसाठीचं: ठेवी, कर्जखाती, पिग्मी, डे-एंड (दिवसाचा हिशोब बंद करणं), व्याज आकारणी. माहिती सध्या चार ठिकाणी पसरली आहे. ड्राइव्हवर जुन्या फायली, एका विकीवर ४०० च्या आसपास पानं, प्रत्येक रेपोत (कोडच्या साठ्यात) कमीजास्त लिहिलेली रीडमी (ओळख करून देणारी फाइल), आणि उरलेलं सगळं चॅटमध्ये. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात आणि त्यातलं चालू कुठलं हे शेवटी कोणाला तरी विचारावंच लागतं.

मला हे नेमकं हवंय:

१. सगळं एकाच टूलमध्ये आणावं का?
२. पानं अद्ययावत ठेवायचं काम एकाकडे द्यावं की सगळ्यांकडे?
३. जुन्या ४०० पानांचं काय करायचं?
४. सपोर्टवाले मराठीत लिहितात, डेव्हलपर इंग्रजीत. याला काही नियम असावा का?

टूलच्या जाहिराती नकोत, प्रत्यक्ष कामाची पद्धत हवी आहे.

---

रात्रपाळी_ऑप्स

टूल नंतर ठरवा. आधी पानांचे दोन ढीग करा: रात्री अडीचला घाईत उघडायची पानं, आणि दिवसा निवांत वाचायची पानं. दोन्ही एकाच साच्यात लिहिली की पहिली निरुपयोगी होतात, कारण मोलाची कमांड तिसऱ्या परिच्छेदात दडलेली असते.

मी घाईच्या पानांबद्दलच लिहितो. आपण त्याला रनबुक म्हणतो.

पानाचं शीर्षक म्हणजे अलर्टचं (बिघाडाच्या आपोआप येणाऱ्या सूचनेचं) नाव, अक्षरशः तेच. अलर्टच्या मजकुरात त्या पानाची लिंक. शोधायची वेळ आली तर रनबुक असून नसल्यासारखं. पहिल्या ओळीत ग्राहकाला काय जाणवतंय ते: 'डे-एंड अडकलंय, सकाळी शाखा उघडली तरी आदल्या दिवसाचीच तारीख दिसेल.' त्यानंतर खरंच तेच झालंय हे कसं ताडून बघायचं. मग कमांड, एका ओळीत एकच. प्रत्येक कमांडखाली तीन गोष्टी हव्यात: कुठल्या मशीनवर चालवायची, बरोबर चालली तर पडद्यावर काय दिसेल, आणि किती वेळ लागू शकतो. शेवटी परत मागे कसं यायचं, आणि कितव्या मिनिटाला कोणाला उठवायचं.

'किती वेळ लागतो आणि काय दिसतं' या ओळीला लोक कमी लेखतात. गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेचा अहवाल त्यांनी स्वतःच जाहीर केला आहे, तो टीमला जरूर वाचायला द्या. मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणारा दुय्यम पोस्टग्रेस सर्व्हर मागे पडला होता, म्हणून तो रिकामा करून पीजी_बेसबॅकअप या प्रत उतरवणाऱ्या कमांडने नव्याने भरायचं काम चाललं होतं. ही कमांड मुख्य सर्व्हरकडून डेटा येईपर्यंत काही न बोलता थांबून राहते. ते तिचं नेहमीचंच वागणं आहे, पण ते ना त्यांच्या रनबुकमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, ना त्या कमांडच्या अधिकृत दस्तऐवजात. कमांड अडकली असं समजून डेटाची डिरेक्टरी पुन्हा पुसायचं ठरलं, आणि पुसली गेली ती मुख्य सर्व्हरवरची. सुमारे ३०० जीबी डेटा होता. ६ तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून तो परत आणावा लागला आणि मधल्या ६ तासांतल्या नोंदी गेल्या.

'इथे काही मिनिटं काहीही दिसणार नाही, तोडू नका' एवढी एक ओळ त्या पानावर असायला हवी होती. आणि पुसायच्या कमांडच्या अगोदर 'होस्टनेम (मशीनचं नाव) बघा, हेच नाव दिसलं तरच पुढे जा' ही दुसरी.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट. रोजचा बॅकअप पीजी_डंप या डेटाबेस फाइलमध्ये उतरवणाऱ्या टूलने होत असे, पण चालत होती ९.२ आवृत्ती आणि डेटाबेस होता ९.६ चा, म्हणून तो दररोज फसत होता. फसल्याच्या मेल्स डीमार्कच्या (मेल पाठवणारा खरा आहे का याच्या) तपासणीत नाकारल्या जात होत्या, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. तेव्हा पानावर 'बॅकअप रोज रात्री होतो' असं लिहू नका. 'अमुक बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठ्यात) आजच्या तारखेची फाइल आहे का, आणि तिचा आकार कालच्या जवळपास आहे का ते बघा' असं लिहा. पहिलं वाक्य शिळं झाल्याचं कळतच नाही, दुसरं रोज पडताळता येतं.

रनबुक ज्या सर्व्हरबद्दल आहे त्याच सर्व्हरवर किंवा त्याच लॉगिनच्या मागे ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक ६ तासांच्या आसपास बंद पडलं तेव्हा डीएनएसबरोबर (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेबरोबर) त्यांची अंतर्गत टूल्सही गेली आणि दुरुस्तीला त्यामुळे आणखी वेळ लागला. तुमच्या आकाराच्या टीमसाठी उपाय सोपा आहे: रनबुकचा रेपो ऑन-कॉल (बिघाड आला तर उठायची पाळी असलेल्या) माणसाच्या लॅपटॉपवर क्लोन केलेला (पूर्ण उतरवलेला) असावा आणि पाळी घेताना तो पुल करायचा, म्हणजे ताजे बदल खेचून घ्यायचे.

भारतात काम करताय म्हणून एक: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सुरक्षेच्या रनबुकमध्ये कळवणार कोण, तो नसला तर कोण, आणि फॉर्म कुठे आहे, हे अगदी वर असू द्या. त्या ६ तासांत ते शोधत बसायला सवड नसते.

---

दस्त_नियंत्रण_चाकण

मी सॉफ्टवेअरचा नाही, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न आमच्याकडे रोजचाच आहे. मशीनवर जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग लटकत राहिलं तर आख्खी बॅच रिजेक्ट होते, म्हणून ही व्यवस्था कडक ठेवावी लागते.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.५ हे कलम वाचा. प्रमाणपत्र घ्यायचं नसलं तरी विचार करायला ते चांगलं आहे. दस्ताला ओळख हवी, वापरण्याआधी कोणीतरी तपासून मंजूर केलेला हवा, लागेल तिथे लागेल तेव्हा मिळायला हवा, बदल नियंत्रणात हवेत, आणि किती काळ ठेवायचा ते ठरलेलं हवं, एवढाच त्याचा गाभा. आणि हे बघा, २००८ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल आणि ६ लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या, २०१५ मध्ये ती सक्ती काढली. कागद जास्त म्हणजे नियंत्रण जास्त, असं मानकसुद्धा आता म्हणत नाही.

तुमच्यासाठी एक मास्टर लिस्ट पुरेल. एक तक्ता, एका पानाला एक ओळ. रकाने: पानाचं नाव, लिंक, मालक, बदली मालक, शेवटची तपासणी, पुढची तपासणी, स्थिती. स्थिती तीनच: चालू, तपासायचं आहे, रद्द.

मालक म्हणजे एक माणूस. 'बॅकएंड टीम' असं लिहिलंत तर कोणीच नाही असा त्याचा अर्थ होतो. त्या माणसाने सगळं स्वतः लिहावं असं नाही. पान खरं आहे की नाही याचं उत्तर त्याने द्यायचं. माणूस टीम सोडतो तेव्हा लॅपटॉप परत घेण्याच्या यादीत 'मास्टर लिस्टमधल्या त्याच्या ओळी कोणाकडे गेल्या' हाही मुद्दा घाला. हे राजीनामा आल्याच्या आठवड्यात करा. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ असतो, हस्तांतर होत नाही.

तपासणीची मुदत सगळ्यांना सारखी लावू नका. रनबुक ३ महिन्यांनी. नवीन माणसाला बसवण्याचं पान प्रत्येक नवीन माणूस आला की, आणि तपासणी त्यानेच करायची, कारण अडखळतो तोच. निर्णयाची नोंद मात्र कधीच बदलायची नाही. निर्णय फिरला तर नवी नोंद लिहायची आणि जुन्यावर 'याऐवजी अमुक' अशी लिंक द्यायची.

तपासणी म्हणजे तारीख बदलणं नव्हे. रनबुक असेल तर टेस्ट सर्व्हरवर दुसऱ्याने ते चालवून बघायचं, आणि लिहिणाऱ्याने शेजारी बसून तोंड बंद ठेवायचं. जिथे तो 'आता काय?' असं विचारेल तिथे पानात ओळ कमी आहे.

रद्द झालेलं पान आमच्याकडे लाल शिक्का मारून वेगळं ठेवतात. तुम्ही शीर्षकाच्या सुरुवातीलाच 'रद्द' असं लिहा, पहिल्या ओळीत नव्या पानाची लिंक द्या, आणि शोधात येणार नाही अशा विभागात हलवा. सरळ डिलीट केलंत तर जुन्या तिकिटांमधल्या लिंका तुटतात आणि कोणीतरी तेच पान आठवून, चुकतमाकत पुन्हा लिहून काढतं.

---

मर्ज_आधी_वाच

वरच्या दोघांशी सहमत. पहिल्या प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे: एकच टूल नको, पण एका गोष्टीची एकच जागा हवी.

कोड बदलला की जे बदलतं ते कोडच्या रेपोत, मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धतीत). इन्स्टॉलेशन, कॉन्फिगरेशन, एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने जोडून घ्यायचा मार्ग), रनबुक. जे कोडशी संबंध न ठेवता बदलतं ते विकीवर: पतसंस्थांचे संपर्क, सुट्ट्यांचं वेळापत्रक, सपोर्टची उत्तरं. चॅट ही जागाच नाही. चॅटमध्ये दिलेलं चांगलं उत्तर पानात टाकायचं आणि चॅटमध्ये फक्त लिंक चिकटवायची.

रेपोत ठेवण्याचा खरा फायदा हा की पानाचा बदल आणि कोडचा बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून सामील करा, या विनंतीत) येतात. 'डॉक्स नंतर अपडेट करू' याचं वेगळं तिकीट काढलं की ते बॅकलॉगच्या (उरलेल्या कामांच्या यादीच्या) तळाशी जातं. टेम्प्लेटमध्ये 'डॉक्स अपडेट केले का?' असा टिकचा चौकोन ठेवू नका, तो सवयीने भरला जातो. त्याऐवजी विचारा: 'या बदलामुळे कोणतं पान खोटं ठरतं? पानाचं नाव लिहा, किंवा एकही नाही असं लिहून कारण द्या.' उत्तर लिहावं लागलं की माणूस शोधतो.

कोड गिटहब या साइटवर ठेवत असाल तर कोडओनर्स फाइल वापरा, तिच्यात कुठल्या फाइलचा मालक कोण ते लिहायचं असतं. तिच्यात तीन अडचणी नेहमी येतात. एका फाइलला अनेक ओळी लागू पडत असतील तर शेवटची ओळ चालते, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि नेमके नियम खाली लिहा. मालकाला रेपोवर लिहिण्याची परवानगी नसेल तर ती ओळ धरलीच जात नाही. आणि नुसत्या फाइलने मालकाचं नाव रिव्ह्यूला आपोआप लागतं, पण मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये सामील होणं) अडत नाही. त्यासाठी ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (मुख्य कोड जपणाऱ्या सेटिंगमध्ये) कोड ओनरचा रिव्ह्यू सक्तीचा करावा लागतो.

मार्कडाउनची साइट एमकेडॉक्स या टूलने बनवलीत तर बिल्ड (साइट तयार करण्याची प्रक्रिया) स्ट्रिक्ट पर्यायाने चालवा, म्हणजे आतल्या तुटलेल्या लिंकवर बिल्डच थांबतो. बाहेरच्या लिंका प्रत्येक बिल्डला तपासू नका. समोरची साइट पाच मिनिटं बंद असली तरी तुमचं मर्ज अडतं आणि दोन आठवड्यांत कोणीतरी ती तपासणीच काढून टाकतं. बाहेरच्या लिंका आठवड्यातून एकदा वेगळ्या जॉबमध्ये (आपोआप चालणाऱ्या कामात) तपासा.

एमकेडॉक्सच्या शोधाची एक बारीक गोष्ट: शब्द तोडण्याची मूळ सेटिंग मोकळी जागा आणि हायफन एवढीच आहे, अंडरस्कोरवर ती तोडत नाही. 'व्याज_आकारणी_जॉब' अशा नावाच्या जॉबवर पान असेल आणि कोणी नुसतं 'आकारणी' शोधलं तर ते सापडणार नाही. सेपरेटर नावाच्या या सेटिंगमध्ये अंडरस्कोर आणि टिंब घाला. तसंच ३ अक्षरांपेक्षा लहान शब्द तो मुळातच शोधत नाही. दोन अक्षरी संक्षेप वापरत असाल तर ती मर्यादा २ करा.

कमांड असलेलं पान वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये ठेवू नका. हे एडिटर साध्या अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतात, आणि वर्ड दोन हायफनांचा एक डॅशही करतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण टर्मिनलमध्ये चिकटवलं की कमांड फसते. नाहीतर त्याहून वाईट, पर्याय न ओळखता भलतंच काहीतरी चालतं.

ड्राइव्हवर जे ठेवायचंच आहे ते शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा. 'माय ड्राइव्ह'मधली फाइल त्या व्यक्तीच्या खात्याची असते. खातं डिलीट करताना अ‍ॅडमिनने मालकी दुसऱ्याकडे दिली नाही तर फाइल त्या खात्याबरोबर जाते, आणि खातं परत आणायला २० दिवसच मिळतात. शेअर्ड ड्राइव्हवरची फाइल संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते.

---

बॅकएंड_पुणे

खूप उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका. सपोर्टच्या लोकांना गिट (रेपोतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) शिकवायचं का? आणि ती जुनी ४०० पानं?

---

मर्ज_आधी_वाच

गिट शिकवू नका. त्यांची पानं विकीवरच राहू द्या. रेपोतल्या पानात चूक दिसली तर गिटहबच्या वेब पानावर पेन्सिलचं बटण असतं, तिथून बदल करून पुल रिक्वेस्ट पाठवता येते. एवढं एकदा करून दाखवलं की पुरतं.

४०० पानं हलवायचा प्रकल्प काढू नका. तसा प्रकल्प ६० पानांवर थांबतो आणि मग माहिती पाच ठिकाणी होते. विकीचा तो भाग फक्त वाचण्यासाठी खुला ठेवा आणि प्रत्येक पानावर 'जुनं, तपासलेलं नाही' अशी पट्टी लावा. मग गेल्या ९० दिवसांत कुठली पानं उघडली गेली त्याची यादी काढा, विकी ती देत नसेल तर वेब सर्व्हरच्या लॉगमधून निघते. वरच्या ३० पानांना मालक द्या, तपासा, नव्या जागी न्या. बाकीच्यांपैकी ज्याला कोणाला ज्या पानाची गरज पडेल त्याने ते त्या दिवशी तपासून हलवायचं. ६ महिन्यांनी उरलेली पानं एक्सपोर्ट करून शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा आणि विकीचा तो जुना भाग बंद करा. फक्त वर्षातून एकदाच लागणारी पानं आधी हाताने वेगळी काढा. ३१ मार्चच्या वर्षअखेरीचं पान जुलैच्या लॉगमध्ये दिसणार नाही.

---

मदतकक्ष_कोल्हापूर

चौथ्या प्रश्नाबद्दल, कारण आमचं रोजचं काम तेच आहे.

भाषा वाचणाऱ्याची असावी. शाखेतल्या क्लार्कला फोनवर वाचून दाखवायचं पान मराठीतच हवं, बोलतो तशा मराठीत. डेव्हलपरला इंग्रजी सोयीचं असेल तर त्याचं इंग्रजीत. पण एकच पान दोन्ही भाषांत ठेवू नका. महिन्याभरात एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

मराठी पानांची अडचण शोधात येते. सर्व्हर, सर्वर, सर्व्हर्स, एन्ट्री, एंट्री, व्हाऊचर, वाउचर. लिहिणाऱ्याने एक लिहिलं आणि शोधणाऱ्याने दुसरं, की पान नाहीच असं वाटतं. शिवाय 'ऱ्या'सारखं अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या कोडने टाइप होतं, काही वेळा मध्ये न दिसणारा जोडणारा वर्णही येतो. डोळ्याला सारखं दिसलं तरी शोधयंत्राला ते वेगळं असतं. यावर दोन उपाय चालतात. ४०-५० शब्दांची ठरलेल्या लेखनाची यादी एका पानावर ठेवा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'शोधशब्द' म्हणून एक ओळ द्या, तिच्यात लोक जे जे टाइप करतील ते सगळं घाला, अशुद्ध रूपांसकट. पडद्यावर येणारा एररचा मजकूर मात्र जसाच्या तसा कॉपी करून टाका, भाषांतर नको. क्लार्क तोच वाचून दाखवतो.

शीर्षक तक्रारीच्या शब्दांत द्या. 'पिग्मी मॉड्यूल सिंक माहिती' कोणी शोधत नाही. 'पिग्मी एजंटचं मशीन जमा दाखवतं पण खात्यात रक्कम दिसत नाही' हे शोधतात.

स्क्रीनशॉट कमी घ्या. आख्ख्या पडद्याचा घेतलात तर मेनूतला एक शब्द बदलला तरी तो जुना दिसतो आणि वाचणाऱ्याचा पानावरचा विश्वास उडतो. लागतं तेवढंच बटण कापून घ्या आणि त्याचं नाव मजकुरातही लिहा, म्हणजे शोधता येतं. चित्र घ्यायचं ते डेमो संस्थेचं, खऱ्या सभासदाचं कधीच नाही. नाव, आधार क्रमांक, मोबाइल, शिल्लक हे विकीवर गेलं की तो वैयक्तिक डेटाच झाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि चौकोन काढून झाकलेलं पुरेसं नसतं, काही टूलमध्ये तो चौकोन उचलून बाजूला करता येतो. सपाट केलेलं चित्रच टाका.

---

रात्रपाळी_ऑप्स

वरचं वाचून एक राहिलेलं आठवलं. ४०० पानं चाळायला घ्याल तेव्हा त्यात पासवर्ड आणि एपीआय की (सॉफ्टवेअरला आत शिरायला लागणाऱ्या गुप्त किल्ल्या) नक्की सापडतील. पानावरून पुसलं की काम झालं असं समजू नका. विकीच्या आणि गूगल डॉक्सच्या इतिहासात जुनी आवृत्ती राहते, गिटमध्ये जुन्या कमिटमध्ये (आधी नोंदवलेल्या बदलात) राहते. क्रम असा ठेवा: आधी तो पासवर्ड बदला, मग जुना वापरून कोणी लॉगिन केलंय का ते लॉगमध्ये बघा, मग पान साफ करा. गिट फिल्टर-रेपो या टूलने इतिहासही साफ होतो, पण सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं आणि कोणाकडे जुना क्लोन राहिला तर ती एपीआय की त्यात तशीच असते. पासवर्ड एकदा बदलला की इतिहास साफ करायची घाई उरत नाही.

पानावर पुढे एवढंच असावं: व्हॉल्टमध्ये (पासवर्ड सांभाळणाऱ्या टूलमध्ये) ती नोंद कुठल्या नावाने आहे आणि ती बघायची परवानगी कोण देतो.